सांडव्यावरचा दोर

मी सून होऊन त्या गावात आले, त्याच वर्षीची ही गोष्ट; दिवाळी नुकतीच झाली होती. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. माझं माहेर वैनगंगेच्या काठी आणि सासर चांदा जिल्ह्यातल्या जंगलाच्या पार आत. गावात शंभरेक घरं, बहुतेक कुडाची. अंगणांपासून सुरू होणाऱ्या धानाच्या बांध्या थेट जंगलाला जाऊन भिडायच्या. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. आधी तो गावच्या जमीनदाराचा, मालगुजाराचा होता. मालगुजारी गेली तसा तो सरकारचा झाला, आणि सरकार चांद्याला होतं. त्यामुळं पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, झाडं वाढली किंवा सांडव्याचे दगड निखळले, तरी बघायला कुणीच नव्हतं.

घरात आम्ही चौघं. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, सासू म्हणजे मामी, माझे यजमान आणि मी. दिवाळी झाली की गावातले सगळे तरणे गडी बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जुंपून जंगलातलं सागवान वडशाच्या स्टेशनावर न्यायला जायचे. हेही गेले होते. उशिरा पिकणारं भारी धान कापायला यायच्या आत परतायचं, असा दरवर्षीचा रिवाज. गावात मागं राहिले ते म्हातारे, बायका, पोरं आणि गावचा कोतवाल.

आणि गायकी. गावाची सगळी गुरं जंगलात नेऊन चारणाऱ्याला आमच्याकडं गायकी म्हणतात. आमचा गायकी तिशीपस्तिशीचा, उंच, हसरा माणूस होता. दिवाळीतल्या गायगोधनाच्या दिवशी मोरपिसं लावलेली काठी घेऊन तो आमच्या अंगणात नाचून गेला होता, आणि मामींनी त्याला सुपाने धान दिलं होतं. त्याच्या मनगटात जर्मन धातूचं जाड कडं असायचं. नाचताना काठीवर आपटून ते टणटण वाजायचं.

त्याच्या बायकोशी माझी गट्टी जमली होती. नव्या सुनेनं कुणाशी फार बोलायचं नसतं, पण शेण वेचायला आम्ही दोघी एकाच वेळी जायचो. मी तिला वयनी म्हणायची. माहेरची आठवण येऊन मी गप्प झाले की ती म्हणायची, "रडायचं असन तं रडून घे, मी तिकडं पायतो." आणि खरंच पाठ फिरवून उभी राहायची.

वादळ आलं त्याच्या आदल्या दिवसापासून आभाळ बंद झालं होतं. पाऊस भुरभुर पडायचा, थांबायचा. त्या दिवसांत पाऊस कधी यायचा नाही, म्हणून मामाजी सारखे बाहेर जाऊन उगवतीकडं बघत होते. कापून ठेवलेलं, लवकर येणारं हलकं धान भिजेल, एवढीच काळजी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गायकी घोंगडी पांघरून नेहमीसारखा गुरं घेऊन गेला. दुपारी अंधारून आलं आणि वारा सुरू झाला.

वारा सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण हा वारा थांबेना. वैशाखात वावधान येतं, घटकाभर धिंगाणा घालतं आणि निघून जातं. हा वाढतच गेला. आधी छपरावरचे कवेलू खडखडायला लागले, मग एकेक उडायला लागले, आणि मग छपराची एक बाजू कुणी सूप उचलावं तशी उचलली गेली. मामाजी दाराला पाठ लावून उभे होते. दार त्यांच्यासकट आत आलं. त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ते काहीतरी ओरडत होते. तोंड हलताना दिसत होतं, पण वाऱ्यापुढं आवाज येत नव्हता. मामींनी मला ओढून चुलीजवळच्या जाड मातीच्या भिंतीला चिकटवलं आणि माझ्यावर पालथ्या पडल्या. त्यांचं अंग थरथरत होतं की भिंत, ते मला कळत नव्हतं. बाहेर झाडं मोडायची तेव्हा हाड मोडल्यासारखा आवाज यायचा, एकामागून एक.

उजाडलं तेव्हा वारा पडला होता. मी अंगणात आले आणि मला आपण कुठं आहोत ते कळेना. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या अंगणातून कधीच तलाव दिसला नव्हता, मध्ये चिंचा होत्या, आमराई होती, घरं होती. आता थेट पाळ दिसत होती. पाळीपलीकडं जंगल असायला हवं होतं, तिथं आभाळ होतं. झाडं सगळी एकाच दिशेला आडवी पडली होती, कुणी तळहाताने गवत निजवावं तशी. उभी होती त्यांना एक पान नव्हतं. आणि कुठंही पाखरू ओरडत नव्हतं.

मी तशीच उभी राहिले. मामी हाक मारत होत्या, ती ऐकू येत होती, पण ती आपल्याला आहे हे समजत नव्हतं. शेवटी त्यांनी येऊन माझा दंड धरला. "नवरे, पाय उचल," त्या म्हणाल्या. "लोकं दबले आहेत."

शेजारचं म्हातारं जोडपं भिंतीखाली गेलं होतं. आम्ही हातांनी माती उपसली. ती दोघं एकमेकांना धरून होती आणि त्यांच्या अंगावर कुठं जखम नव्हती, फक्त तोंडात माती होती. त्यांना बाहेर काढताना मला वाटत होतं, आता मी रडेन. रडू आलं नाही. गावात कुणीच रडत नव्हतं. माणसं आपापल्या घराच्या जागेवर उभी राहून एखादं गाडगं उचलायची, पुन्हा तिथंच ठेवायची. कधीकाळी सिरोंच्याकडं राहून आलेला एक म्हातारा सांगत होता, हे दर्यावरचं तुफान आहे, तेलंग्यांच्या मुलखात येते. कुणी त्याच्याशी वाद घातला नाही. दर्या आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

हललं कुणी तर ती वयनी. तिचं घर पूर्ण गेलं होतं. लहान मुलगी पाठीला बांधून ती देवळात आली, तिथलं मोठं गंज बाहेर काढलं, कुठून तरी कोरड्या गोवऱ्या शोधल्या आणि भिजलेल्या कण्यांची पेज चढवली. मी तिच्या हाताखाली गेले. ती पोरांना बोलावून बोलावून पेज वाढत होती. कुणीतरी विचारलं, "तुया माणूस कुठी आहे वं?"

"जंगलात," ती म्हणाली. "तिकडं मोठे खडक आहेत. ढोरं घेऊन तिथीच बसला असन. येईल तो."

मलाही तेच खरं वाटलं. घरात असलेली माणसं मेली होती. जंगलातला माणूस कसा मरेल, असं काहीतरी डोक्यात होतं.

पेज संपत आली तेव्हा कोतवाल पाळीवरून धावत आला. तलाव भरून पाणी पाळीच्या डोक्यावरून सांडायला लागलं होतं. जास्तीचं पाणी जायला पाळीच्या एका टोकाला दगडी सांडवा होता, पण पाळीवरचं मोठं अर्जुनाचं झाड त्यातच पडलं होतं. त्याला फांद्या, छपरांचं तणस, बांबू, सगळं येऊन अडकलं होतं आणि सांडवा बुजला होता. पाळ फुटली तर खालची आळी आणि उभं भारी धान दोन्ही जाणार. जे काही उरलं होतं ते एवढंच.

सगळं गाव तिकडं गेलं. मामाजींनी कपाळाला फडकं बांधलं होतं. घरच्या गोठ्यांत असलेल्या बैलांपैकी धडधाकट जेवढे सापडले तेवढे जुंपायला आणले. पण झाडाची मोठी बेचकी पाण्यात बुडून दगडाच्या आड बसली होती. दोर बेचकीखालून घेतल्याशिवाय बैलांनी ओढून उपयोग नव्हता. कोतवाल उतरला. मोडक्या फांदीनं त्याची मांडी फाडली आणि त्याला बाहेर ओढावं लागलं. त्या फांद्यांच्या जाळ्यातून जाड माणसाला जाता येत नव्हतं, आणि म्हाताऱ्यांना त्या पाण्यात पाठवणार कोण.

मी पदर पुढं ओढून बायकांत उभी होते. माहेरी नदीत आम्ही मुली तासन् तास पोहायचो, डुबी मारून तळातली वाळू आणायचो. सासरी मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच. माझ्याच तोंडून शब्द निघाले तेव्हा मीच दचकले.

"मामाजी, मले पोहता येते."

चार पुरुषांसमोर सासऱ्यांशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. ते माझ्याकडं बघतच राहिले. मामींनी मात्र काही विचारलं नाही. त्या पुढं आल्या, माझं लुगडं खेचून घट्ट खोचलं, कमरेला दोर बांधला आणि गाठ ओढून पाहिली. "जा," त्या म्हणाल्या. "पण दोर सोडू नको."

पाणी गार होतं आणि गढूळ. डोळे उघडून काही दिसत नव्हतं, हातानेच बघायचं होतं. मी फांद्यांमधून घुसले, श्वास घेतला आणि खाली गेले. खोड लागलं. खोडावरून हात सरकवत बेचकीपर्यंत गेले. पहिल्यांदा दम पुरला नाही. दुसऱ्यांदा बेचकीखालून हात घातला तर लोकर लागली. ओली, जड लोकर. मला वाटलं मेंढरू. वर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा गेले. लोकर बाजूला करायला हात घातला आणि बोटांना बोटं लागली.

माणसाची बोटं पाण्यात कशी लागतात हे मी सांगू शकत नाही. मी हात काढून घेतला नाही, तो निघेचना. तसाच तो वर सरकला, मनगटापर्यंत, आणि कड्याला लागला.

वर आले. पाळीवर सगळे उभे होते. वयनी पुढंच होती, मुलगी पाठीला, हात कपाळाशी नेऊन ती माझ्याकडं बघत होती. पाळीच्या मध्यावर पाणी एक खाच पाडून पलीकडं वाहत होतं, ती खाच माझ्या डोळ्यांदेखत रुंद होत होती. मामाजींनी विचारलं, "बसला का दोर?"

मी म्हणाले, "आणखी एक पायजे."

"दुसरा काऊन?"

"लागते."

त्यांनी दुसरा दोर टाकला. पहिला मी बेचकीखालून घेऊन बांधला. दुसरा त्याच्या काखेखालून घेतला. दोन्ही गाठी माझ्या हातांनी मारल्या, मी नाही. मी कुठं होते, मला आजही माहीत नाही. तेव्हा एकच कळत होतं, की झाड हललं की पाणी सुटणार आणि त्याला घेऊन खालच्या नाल्यात जाणार, मग तो कुणालाच सापडणार नाही. आणि आत्ता बोलले तर सगळे हातातलं सोडतील आणि पाळ जाईल.

मला वर ओढून घेतलं. दात वाजत होते. बैलांच्या दोराकडं मामाजी आणि म्हातारे गडी धावले. दुसरा दोर बायकांनी धरला, कारण तिथं त्याच उभ्या होत्या. सर्वांत पुढं वयनी. मुलगी तिनं पाठीवरून काढून मामींकडं दिली होती. मी तिच्या मागं जाऊन दोर धरला. बैलांना हाकारलं, झाड कण्हलं, थोडं सरकलं.

"ह्या दोराले काय बांधलं वं?" तिनं न वळता विचारलं.

मी तिच्या कानाशी गेले. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये एवढंच मला सुचलं. "वयनी, दोर सोडू नको. भाऊ आहेत."

तिला वेळ लागला. "कोन म्हणते?"

"मी हात लावला. हातात कडं आहे."

तिच्या पाठीचा एकेक मणका ताठ झालेला मला ओल्या लुगड्यातून दिसला. वाटलं, ही आता खाली बसेल. ती बसली नाही. तिनं दोर हाताला एक वेढा घेऊन आणखी घट्ट केला. मग बायकांना म्हणाली, "ओढा."

झाड सुटलं. सांडव्यातून पाणी गर्जत गेलं आणि दोराला असा हिसका बसला की आम्ही सगळ्या गुडघ्यांवर आलो. तिनं सोडला नाही. तिच्या तळहातांची सालटं निघून दोर लाल झाला, तरी सोडला नाही. पाणी ओसरत गेलं तसा तो कडेला आला, घोंगडीत गुंडाळलेला. मागच्या बायकांना तेव्हा कळलं की आपण काय ओढत होतो. एकीच्या हातून दोर सुटला आणि ती तशीच हात पुढं करून उभी राहिली.

पाळ वाचली. लोक पाळीवर उभे होते आणि कुणाला काय वाटून घ्यावं ते समजत नव्हतं. मामाजी माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून तसेच गेले. वयनी त्याच्या शेजारी बसून त्याच्या केसांतला कचरा काढत होती. जणू तो पेंढ्यात निजून उठला होता.

"हा इथी कसा?" ती एवढंच म्हणत होती. "ढोरं तिकडं, हा इथी कसा?"

सगळी लाकडं ओली होती, सरण पेटलं नसतं. त्याला आणि त्या म्हाताऱ्या जोडप्याला त्याच संध्याकाळी पुरलं.

दुसऱ्या दिवशी गुरं आली. आपणहून आली, ओळीनं, पडलेल्या झाडांतून वाट काढत. त्यांच्यापुढं कुणी नव्हतं आणि मागंही कुणी नव्हतं. कासा फुटायला आलेल्या गाई आपापल्या घराच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि हंबरायला लागल्या. दार नव्हतं, गोठा नव्हता, तरी जागा त्यांना बरोबर ठाऊक होती. तो आवाज ऐकून मात्र गाव रडलं. एकदम, सगळं गाव. मीही.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. काम आठवतं. देवळापुढं एकच चूल आणि सगळ्यांचं तिथंच शिजायचं. मामींनी ती माझ्याकडं दिली होती. कुणाच्या घरून किती धान निघालं, ओलं किती, सुकवायचं कुठं, हे बायका मला येऊन विचारायच्या. मी पदर कधी मागं टाकला ते लक्षातही आलं नाही, आणि कुणी हटकलं नाही. पडलेल्या बांबूंचे कुड विणले, चिखलाने लिंपले, तणसानं छपरं शाकारली. जंगलातल्या पाड्यावरची गोंड माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांचंही सगळं पडलं होतं, तरी आधी वाट मोकळी करत इथपर्यंत आली. आमची माणसं मग त्यांच्याकडं गेली. सरकारचा माणूस कापड आणि तांदूळ घेऊन आला, तोवर निम्म्या गावावर छपरं आली होती.

हे परत आले ते वाटभर झाडं तोडत. गाव बघून बंडीवरून उतरले आणि माझ्यासारखेच उभे राहिले. रात्री त्यांनी विचारलं, "काय झालं, सांग." मी उठून चुलीत लाकूड सारलं. मामींनी सांगितलं. तेव्हापासून कित्येक वर्षं मला घागरीत न बघता हात घालवत नव्हता. अंधारात पाणी घ्यायची वेळ आली की हे उठून घेऊन द्यायचे.

धान कापून झाल्यावर गाव बसलं, नवा गायकी ठरवायला. दुसऱ्या गावाहून माणूस आणायचं बोलणं चाललं होतं. वयनी मागं बायकांत बसली होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ढोरं मी नेईन."

एक म्हातारा म्हणाला, "बाई, जंगल आहे. वाघ आहे."

"तो होता तवाबी वाघ होता."

"एकटी बाई कशी जाशीन?"

"मंग कोनी चला माह्यासंग."

मी मामींकडं पाहिलं. त्या मान खाली घालून सुपातलं निवडत होत्या. न बघताच म्हणाल्या, "आमची सून जाईन. सध्या तं जाईन."

तो हिवाळा मी तिच्याबरोबर गुरांमागं गेले. जंगलात ओळखीची वाट एकही उरली नव्हती. आडव्या खोडांवरून चढायचं, खालून जायचं, गुरांना वळसा घालून न्यायचं. तिला प्रत्येक जनावराचा स्वभाव ठाऊक होता, त्यानं घरी सांगितलेला. "ही लाल भेकड आहे, हिच्या डाव्या अंगानं राय," असं ती मला सांगायची. एकदा आम्ही त्या मोठ्या खडकांपाशी पोचलो. आडोशाला शेण वाळून पडलं होतं, बरंच. वादळात सगळी गुरं तिथंच होती, हे दिसत होतं. तोही तिथंच थांबला असता तर वाचला असता.

आम्ही खडकावर बसून भाकर सोडली. तो गावाकडं का परतला असेल, यावर ती पहिल्यांदाच बोलली. एखादी कालवड मागं राहिली असेल, म्हणाली. मग म्हणाली, नाहीतर पोरीचा घोर लागला असेल. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुले काय वाटते?"

मी म्हणाले, "मले नाई माहीत, वयनी."

"मलेबी नाई," ती म्हणाली.

तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. तिच्या तळहातांवर नवी कातडी आली होती, गुळगुळीत आणि गुलाबी. खाली एक गाय नाल्यात उतरायला लागली होती. ती काठी घेऊन उठली आणि हाक मारत उतारावरून निघाली, आणि मी दुसऱ्या बाजूनं गुरं वळवायला गेले.